मामांचा टोल आणि रात्री अडीचचं काम

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



काल रात्री पंगतीत मला एकच प्रश्न सात-आठ जणांनी विचारला. "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस हे माहीत आहे गं, पण नक्की करतेस काय?" माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "ती कॉम्प्युटर सांभाळते." तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, आईइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. मी सर्व्हर सांभाळते. लोक घरी गेल्यावर, रात्री, जी मशीन्स चालू राहतात त्यांना काय करायचं ते लिहून ठेवते, आणि कुणाला कुठल्या खोलीची किल्ली द्यायची ते ठरवते. संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात हे काम समजावून सांगते आणि त्यात मी केलेली एक मोठी चूकही सांगते. कारण त्या चुकीचं उत्तर मला याच शाळेत, नववीत, मिळालेलं होतं. ते लक्षात यायला चोवीस वर्षं लागली.

आधी थोडी ओळख. मी ज्या प्रणालीवर काम करते तिचा मूळपुरुष युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिची सुरुवात केली. पुढे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला. हे परकं वाटत असेल तर खिशात हात घाला. अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्स आहे. म्हणजे काल रात्रभर तुम्ही माझ्याच घराण्यातल्या मशीनवर एकमेकांचे जुने फोटो पाठवत होता.

या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि बाहेरच्या भागाला शेल. आपण कोकणातली माणसं, आपल्याला नारळ पुरे. आत खोबरं, बाहेर करवंटी. आपण बोलतो ते करवंटीशी. ती आपलं म्हणणं आत पोचवते. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, काम होतं. तेच काम रोज करायचं असेल तर त्या ओळी एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवायच्या. तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. बाकी काही जादू नाही. आपल्या हेडसरांची सूचनावही आठवा. "उद्या शनिवार. सकाळची शाळा. प्रार्थनेनंतर कवायत. पाऊस असल्यास कवायत वर्गात, बाकांच्या मधे." ही स्क्रिप्टच आहे. त्यातलं "पाऊस असल्यास" फार महत्त्वाचं. स्क्रिप्टमध्ये त्याला 'इफ' म्हणतात. नुसतं करत सुटण्याऐवजी आधी बघायचं आणि मग करायचं, ते या एका शब्दामुळे जमतं.

फरक एवढाच, की सूचना वर्गावर्गात फिरवणारा माणूस शहाणा असतो आणि मशीन आज्ञाधारक असतं. हेडसरांनी चुकून "उद्या रविवार, सकाळची शाळा" असं लिहिलं असतं तर आपण हसून घरी बसलो असतो. मशीन रविवारी सकाळी येऊन प्रार्थनेला उभं राहिलं असतं. "अमुक फोल्डरमधलं सगळं पुसून टाक" असं लिहिलं आणि 'अमुक'ची जागा चुकून रिकामी राहिली, तर काही वेळा ते मुळापासून पुसायला निघतं. म्हणून आमच्या धंद्यात नवं स्क्रिप्ट आधी नुसतं बोलून दाखवायला लावतात. काय पुसणार आहेस त्याची यादी दे, पुसू नकोस. यादी डोळ्यांखालून गेली की मग खरं काम.

आता दुसरी गोष्ट, वेळ. रात्री अडीचला काम करायचं तर मी उठत नाही. त्यासाठी क्रॉन नावाचा एक पहारेकरी असतो. तो दर मिनिटाला जागा होतो, वेळापत्रक बघतो, त्या मिनिटाला काही काम असेल तर सुरू करून देतो. त्याच्या वेळापत्रकात प्रत्येक कामाची एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. "३० २ * * *" असं लिहिलं की रोज रात्री दोन वाजून तीस मिनिटांनी. चांदणी म्हणजे 'कुठलंही चालेल'. शेवटच्या रकान्यात १ लिहिला तर फक्त सोमवारी. आपल्या वर्गाच्या दारामागे चिकटवलेलं तासांचं वेळापत्रक ज्याला वाचता येत होतं, त्याला हेही वाचता येईल.

या पहारेकऱ्याच्या दोन खोडी आहेत. तुम्ही स्वतः बसून चालवलेलं स्क्रिप्ट व्यवस्थित चालतं, तेच क्रॉनला दिलं की अडतं. कारण तुमच्या हाताशी असलेले सगळे रस्ते त्याला माहीत नसतात. त्याला पूर्ण पत्ता लिहून द्यावा लागतो. "नेहमीच्या कपाटातून आण" म्हटलेलं कळत नाही. दुसरी खोड अशी, की काम करताना जे काही बोलणं होईल ते तो ज्याच्या नावावर काम आहे त्याच्या टपालात टाकतो. तो माणूस टपाल उघडतो की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ही दुसरी खोड लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, माणसं. ज्याला मशीन वापरायचं त्याचं खातं असतं, आणि सगळ्या खात्यांचं एक रजिस्टर. एका ओळीत सात रकाने: नाव, पासवर्डची जागा, क्रमांक, गटाचा क्रमांक, माणसाची माहिती, त्याचं घर म्हणजे फोल्डर, आणि त्याचं शेल. पासवर्डच्या जागी आता नुसती फुली असते. खरा ऐवज सामान्य माणसाला उघडता येत नाही अशा वेगळ्या फाइलीत, ओळखू न येणाऱ्या रूपात ठेवतात. मशीन माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतं. शून्य क्रमांक ज्याचा तो रूट. तो हेडसर, त्याला सगळ्या खोल्या उघड्या. म्हणून शहाणा माणूस रूट होऊन दिवसभर बसत नाही. काम असेल तेव्हा किल्ली घ्यायची आणि काम झालं की खुंटीला लावायची.

प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि उरलेलं जग. कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी चालवायचं, हे प्रत्येकासाठी वेगळं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. आपल्या वर्गाचं हस्तलिखित आठवतंय? संपादिका लिहिणार आणि वाचणार, म्हणजे ६. वर्गातल्यांनी फक्त वाचायचं, ४. 'ब' तुकडीने हात लावायचा नाही, शून्य. आमच्या भाषेत ६४०. ('ब' तुकडीच्या मंडळींनी आज मोठ्या मनाने हसून घ्यावं.)

आपल्या शाळेच्या कार्यालयात मात्र एक गोष्ट मशीनपेक्षा चांगली होती. जनरल रजिस्टरचा नंबर. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला मिळत नाही. मशीनवर तसं नाही. एखाद्याचं खातं काढलं तरी त्याच्या फाइली राहू शकतात. मालकाच्या नावाच्या जागी मग नुसता क्रमांक दिसतो. पुढे तोच क्रमांक एखाद्या नव्या माणसाला मिळाला, तर जुन्याच्या सगळ्या फाइली नव्याच्या नावावर होतात, त्याला पत्ताही नसताना. आपल्या जुन्या क्लार्कभाऊंनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

आता माझी चूक.

२००९ सालची गोष्ट. मी एका कारखान्यात कामाला होते, नाव सांगत नाही, चूक माझी होती. माझ्या आधीपासून तिथे एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ३१ मार्चला ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, फोटो, बटाटेवडे. गेलेल्या माणसाचं खातं दुसऱ्या दिवशी बंद करायचं असा नियम होता, आणि नियम योग्यच आहे. एक एप्रिलला सकाळी पहिल्या चहाच्या आत मी एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. काकांचं खातं गेलं. मी यादीत टिचकी केली.

कारखान्यातल्या कामगारांची पतपेढी होती. तिचा हिशेब एका वेगळ्या मशीनवर असायचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मशीनची डिस्क गेली. डिस्क जातातच, त्यासाठीच रोज रात्री दुसऱ्या मशीनवर प्रत घेतलेली असते. मी निर्धास्तपणे दुसऱ्या मशीनवर गेले. शेवटची प्रत एक एप्रिलच्या पहाटेची होती.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. शोधत गेले. प्रत घेणारं स्क्रिप्ट काकांनी १९९८ मध्ये लिहिलं होतं आणि क्रॉनच्या यादीत ते काकांच्या स्वतःच्या नावावर होतं. अकरा वर्षं रोज रात्री अडीचला ते चाललं. मी नाव काढलं आणि क्रॉनने काम थांबवलं. त्याने कुणाला सांगितलं नाही असंही नाही. त्याच्या नोंदवहीत एक ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: काकांचं खातं, आणि पुढे एकच शब्द, 'ऑर्फन'. पोरकं. ज्या कामाचा मालक रजिस्टरात सापडत नाही, त्याला क्रॉन हाच शब्द वापरतो. अडीच महिने ते मशीन लिहीत होतं की हे काम पोरकं झालंय, आणि ती वही मी उघडलीच नव्हती.

एप्रिलपासूनच्या सगळ्या पावत्या कागदावर होत्या, हे नशीब. पतपेढीचे दोन कारकून आणि मी, रोज संध्याकाळी सहा ते अकरा, बारा दिवस त्या पुन्हा भरत होतो. त्या बारा दिवसांत कर्जमंजुरी बंद. कारण कुणाची किती शिल्लक तेच सांगता येत नव्हतं. एका फिटरच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि त्याचा अर्ज तसाच पडून होता. मी त्याला भेटून सांगितलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "मॅडम, होतं असं." लग्न त्याने ठरल्या तारखेलाच केलं, मेव्हण्याकडून उसने घेऊन. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

काकांना फोन केला. त्यांना स्क्रिप्ट आठवायलाच मिनिटभर लागलं. म्हणाले, "अगं हो की. एका दुपारी बसून लिहिलं होतं. मग चालतंच होतं, विसरून गेलो. सांगितलं असतं गं, पण कुणी विचारलंच नाही."

फोन ठेवला आणि मला एकदम आपले शिपाईमामा आठवले.

मामा आपण आठवीतून नववीत गेलो त्या मे महिन्यात निवृत्त झाले. १९८५. व्हरांड्यात समारंभ झाला, आपल्या तुकडीने स्वागतगीत म्हटलं होतं. त्यांची कामं सगळ्यांना माहीत होती: घंटा, सूचनावही, पाण्याची पिंपं, कुलपं. नवीन शिपाईदादांना ती सगळी समजावून दिली होती. जूनमध्ये पहिला टोल अकराला पडला, मिनिटाचाही फरक नाही. सगळं सुरळीत.

जुलैत एका दुपारी जो पाऊस लागला तो आठवतोय? पाच वाजता शाळा सुटली. पऱ्यापलीकडच्या वाडीतली मुलं साकवापर्यंत गेली आणि परत आली. साकवावरून पाणी चाललं होतं. अकरा जण. त्यातले चार आज समोर बसलेत. त्या रात्री ती सगळी हेडसरांच्या घरी झोपली. काकूंनी पिठलं-भात केला. आणि पलीकडच्या काठावर त्यांचे आईवडील कंदील घेऊन रात्रभर उभे होते, कारण मुलं कुठे आहेत हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. शाळेत तेव्हा फोन नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेडसर स्वतः मामांच्या घरी गेले, तेव्हा उलगडा झाला. मामा पावसाळ्यात रोज मधल्या सुट्टीनंतर पऱ्यावर जाऊन यायचे. साकवाखालच्या काळ्या कातळाला पाणी लागलेलं दिसलं की येऊन हेडसरांच्या कानात सांगायचे, आणि सर पलीकडच्या मुलांना लवकर सोडायचे. सरांना वाटायचं, मामांना कुणी वाटसरू सांगत असेल. हे काम कुठल्याच यादीत नव्हतं. मामा म्हणाले होते म्हणे, "साहेब, ते काय काम होतं का? जाता जाता बघायचो."

मी आज तुम्हाला जे तीन भाग सांगितले ते तिन्ही त्यात आहेत. रोज ठराविक वेळी, कातळाला पाणी लागलं असल्यास, मामांनी सांगायचं. वेळ, अट आणि माणूस. आपण माणूस काढला आणि वेळ-अटही त्याच्याबरोबर गेली. जे काम बिनबोभाट चालतं ते दिसत नाही, आणि त्याची यादी कोण करणार? मी नववीत हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी चोवीस वर्षांनी एक एप्रिलला चहाच्या आधी एंटर दाबलं.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. कुणी नोकरी सोडून जाणार असेल तर आधी त्याच्या नावावरची क्रॉनची यादी वाचते. एकदाच करायची कामं 'अॅट' नावाच्या दुसऱ्या यादीत असतात, तीही बघते. मग त्याच्या क्रमांकाच्या फाइली सगळ्या डिस्कवर शोधते. खात्याला आधी कुलूप लावते. नोंद पुसायची घाई करत नाही, कारण कुलूप उघडता येतं. संस्थेचं काम कुणाच्याच वैयक्तिक नावावर ठेवत नाही. त्यासाठी वेगळं खातं काढते, जे निवृत्त होत नाही. रात्रीची प्रत झाली नाही तर सकाळी माझा फोन वाजेल अशी सोय केली आहे. आणि दर तीन महिन्यांनी एखादी फाइल त्या प्रतीतून खरोखर परत काढून बघते. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे न उघडलेला फणस. आत गरे आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक.

पण सगळ्यात उपयोगी गोष्ट मशीनवर होतच नाही. जाणाऱ्या माणसाबरोबर मी चहाला बसते आणि विचारते, "यादीत नाही असं तुम्ही काय काय करत होतात?" पहिलं उत्तर नेहमी "काही नाही" असतं. मी दुसरा चहा मागवते.

आता विनंती. आपल्या बॅचच्या सगळ्यांचे पत्ते आणि नंबर एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आहेत. शाळेच्या मदतनिधीचा हिशेब एका मित्राच्या फोनमध्ये आहे. दोघंही मनापासून करतात, म्हणूनच आपण कधी विचारलं नाही. आणि शाळेतही असं कुणीतरी आज आहेच, जे जाता जाता काहीतरी बघतं. मी येताना एक शंभर पानी वही आणली आहे. ती मुख्याध्यापिका बाईंकडे देते. शाळेतल्या प्रत्येकाने त्यात एक पान लिहावं: मी काय करतो, कधी करतो, कशावरून ठरवतो, आणि मी नसलो तर कुणी करायचं. आपल्या बॅचचं पान आज जेवणाआधी आपण लिहू. पासवर्ड लिहू नका, नाहीतर मला पुन्हा भाषण करावं लागेल.

मामा आज नाहीत. साकवाच्या जागी आता पक्का पूल आहे, पलीकडच्या मुलांना कुणी लवकर सोडत नाही आणि गरजही नाही. काल संध्याकाळी मी पुलावर जाऊन आले. कातळ अजून तिथेच आहे.

माझी वीस मिनिटं झाली. दादा, टोल द्या.